बी.ए.ची प्रयोगशाळा बाजारतळावर: मेजर निवडण्यापासून ओजेटीपर्यंत

जून उजाडला की आमच्या स्टाफरूमच्या दारात आईवडील येऊन उभे राहतात. मागे मुलगा किंवा मुलगी, हातात बारावीची गुणपत्रिका आणि ओठांवर ठरलेला प्रश्न: "सर, बी.ए. करून पुढं काय?" मी तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवतो. पूर्वी या प्रश्नावर मी एमपीएससी, बी.एड. असं काहीतरी पुटपुटायचो. आता मी टेबलावर अभ्यासक्रमाचा तक्ता पसरतो आणि त्यातल्या शेवटच्या दोन-तीन रकान्यांवर बोट ठेवतो. फील्ड प्रोजेक्ट, सीईपी (समाजाबरोबर करायचं काम), ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण). मुलं हे रकाने वाचतच नाहीत, आणि खरं सांगायचं तर आम्ही प्राध्यापकही पहिल्या वर्षी ते नीट वाचले नव्हते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आलं. महाराष्ट्रात ते २०२३-२४ मध्ये स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झालं. परिणाम असा की 'लिबरल आर्ट्स' म्हणून ज्याच्या जाहिराती लागतात, त्याचा सांगाडा आता साध्या अनुदानित कॉलेजच्या बी.ए.लाही मिळाला आहे: एक मुख्य विषय (मेजर), एक जोडविषय (मायनर), दुसऱ्या शाखेतलं थोडंसं काही (ओपन इलेक्टिव्ह), आणि वर्गाबाहेरचं काम. पुण्याच्या फ्लेम विद्यापीठात 'डिस्कव्हर इंडिया' नावाचा उपक्रम आहे. विद्यार्थी गटानं देशातल्या एखाद्या ठिकाणी जातात आणि एका विषयाचा मुळापासून अभ्यास करतात. उपक्रम चांगलाच आहे. पण आपल्या मुलांना त्यासाठी रेल्वेचं तिकीटही काढावं लागत नाही. एसटी स्टँडच्या मागं बाजारतळ आहे, तिथं चालत जाता येतं.

आधी तक्ता वाचा

प्रवेश घेतल्यावर पहिल्या आठवड्यात विद्यापीठाच्या वेबसाइटवरून आपल्या अभ्यासक्रमाचा क्रेडिटचा तक्ता उतरवून घ्या आणि छापून भिंतीला लावा. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात. वर्गातल्या शिकवण्याचे १५ तास म्हणजे एक क्रेडिट. प्रात्यक्षिक, क्षेत्रकार्य किंवा इंटर्नशिप असेल तर एका क्रेडिटला ३० तास. हा ३० चा आकडा डोक्यात पक्का बसवा, पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे.

राज्याच्या आराखड्यात साधारणपणे तिसऱ्या सत्रात फील्ड प्रोजेक्टचे २, चौथ्यात सीईपीचे २, पाचव्यात या दोन्हींपैकी एकाचे २ आणि सहाव्यात ओजेटीचे ४ क्रेडिट असतात. विद्यापीठागणिक एखादं सत्र मागंपुढं होतं, आपल्या तक्त्यात तपासून घ्या. बेरीज १० क्रेडिट. गुणिले ३०. म्हणजे ३०० तास.

हे ३०० तास बहुतेक मुलं चार तुकड्यांत उडवून टाकतात. एका सत्रात वृक्षारोपण, दुसऱ्यात 'सोशल मीडियाचे दुष्परिणाम' या विषयावर गूगल फॉर्म, तिसऱ्यात प्लास्टिकबंदीची रॅली आणि शेवटी काकांच्या दुकानातून आणलेलं ओजेटीचं प्रमाणपत्र. गुण सगळ्यांना मिळतात. हाती काही लागत नाही. माझं सांगणं एवढंच आहे: हे ३०० तास एकाच जागेभोवती गुंफा. पुढं जे लिहितोय ते कसं गुंफायचं याबद्दल आहे.

तक्त्यातल्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. एबीसीचं, म्हणजे क्रेडिट बँकेचं खातं पहिल्याच महिन्यात उघडा आणि आधारवरचं नाव कॉलेजच्या नोंदीतल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतं का ते बघा. आईचं नाव मधे आलं, 'बाई' की 'ताई' असा फरक पडला, तरी पुढं हेलपाटे सुरू होतात. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडून सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा घेता येतो, त्यासाठी आणखी ४ क्रेडिटचं कौशल्याचं काम करावं लागतं. ही वाट घरच्या अडचणीपुरती ठेवा. मोह म्हणून नको.

मेजर आणि मायनर: जोडी जमली पाहिजे

काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय सारख्याच वजनाचे असतात आणि दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर त्यातला एक मेजर, एक मायनर ठरतो. काही ठिकाणी मेजर पहिल्या दिवसापासूनच पक्का करावा लागतो. पहिली पद्धत असेल तर नशीबवान आहात, वर्षभर तिन्ही चाखून बघा.

मेजर कसा निवडायचा यावर फार बोलायची गरज नाही. ज्या विषयाचं पुस्तक परीक्षा नसतानाही उघडावंसं वाटतं, तो. गंमत मायनरमध्ये आहे. मुलं मायनर म्हणून 'सोपा जातो' तो विषय घेतात किंवा मैत्रीण घेते तो. त्याऐवजी असा विचार करा: मेजर मला प्रश्न देतो, तर तो प्रश्न सोडवायचं हत्यार कुठला विषय देईल? इतिहासाबरोबर भूगोल घेतला तर नकाशा काढता येतो. समाजशास्त्राबरोबर अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र घेतलं तर चाळीस माणसांशी बोलून आणलेली माहिती तक्त्यात बसवता येते. मराठीबरोबर इतिहास आणि जोडीला मोडी लिपी आली, तर पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तराचं दार किलकिलं होतं. कोट्यवधी कागद तिथं पडून आहेत आणि वाचणारी माणसं मूठभर. मोडीचे वर्ग पुराभिलेख संचालनालय घेतं, भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थाही घेतात. एका उन्हाळ्यात अक्षरओळख होते. पुढं घोटून घोटून हात बसायला वर्ष-दोन वर्षं जातात, पण ते मोडीचंच काय, कशाचंही असतं.

ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेतला घ्यावा लागतो. कॉमर्सचं प्राथमिक हिशेबशास्त्र उपलब्ध असेल तर डोळे मिटून घ्या. कॉलेजात हवा तो विषयच नसेल तर 'स्वयम्' या सरकारी व्यासपीठावर बघा. तिथले काही क्रेडिट आपल्या पदवीत धरता येतात, पण नाव नोंदवण्याआधी कॉलेजकडून तसं लेखी घ्या. तोंडी 'हो हो, चालेल' यावर विसंबू नका.

एक जागा निवडा

आता मुख्य काम. प्रश्न शोधायच्या आधी जागा शोधा. घरापासून किंवा कॉलेजपासून चालत वीस मिनिटांत गाठता येईल, जिथं आठवड्यातून एकदा तरी जाणं होईल आणि जिथं वेगवेगळ्या थरांतली माणसं येतात, अशी जागा. आठवडी बाजार, एसटी स्टँड, ग्रंथालय, पाणवठा, देवस्थानाचा परिसर, दुधाचं संकलन केंद्र, ऊसतोड मजुरांची पालं, शहरात असाल तर मजूर अड्डा, लोकलचं स्टेशन किंवा चाळ. मी उदाहरण म्हणून बाजार घेतो, कारण सगळ्या विषयांना त्यात जागा आहे.

मुलं विषय आणतात: 'ग्रामीण अर्थव्यवस्थेत आठवडी बाजाराचे महत्त्व'. हा विषय नाही, हा निबंध आहे. याचं उत्तर बाजारात न जाताही लिहिता येतं, आणि तसंच लिहिलं जातं. प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर तुम्हाला आज माहीत नाही, गुरुजींनाही माहीत नाही, आणि चार बाजारांत ते सापडू शकतं. उदाहरणार्थ: आपल्या बाजारात जमिनीवर बसून भाजी विकणाऱ्या बायकांपैकी किती जणी स्वतःच्या रानातला माल आणतात आणि किती जणी पहाटे मार्केट यार्डातून उचलून आणतात? बघायला साधा प्रश्न आहे. पण त्यात शेती आली, भांडवल आलं, पहाटेचा टेंपो आला, नवऱ्याच्या नावावरचा सातबारा आला.

मेजरप्रमाणे प्रश्न बदलेल. भाषेच्या विद्यार्थ्यानं मापांचे शब्द गोळा करावेत. पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं यांतलं काय अजून तोंडात आहे, काय फक्त म्हातारीच्या तोंडात आहे आणि 'वाटा' हा शब्द किलोच्या काळातही कसा टिकून आहे. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण करून त्याच्या ध्वनिफिती सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. त्या आधी ऐका, म्हणजे काय टिपायचं याला कान तयार होतो. मानसशास्त्राच्या मुलीनं घासाघीस बघावी: पहिली किंमत कोण बोलतं, शेवटची कोण. जवळ गुरांचा बाजार भरत असेल तर रुमालाखाली बोटं दाबून सौदा करणारे हेडी अजून दिसतात का ते बघायला जा. दिसले तर तो एक प्रकल्पच झाला.

६० तासांचं अंदाजपत्रक

दोन क्रेडिट म्हणजे ६० तास. घरखर्चासारखं आधीच वाटून घ्या, नाहीतर ५० तास विषय ठरवण्यात जातात आणि शेवटच्या रात्री कॉपी-पेस्ट. माझ्या विद्यार्थ्यांना मी असा हिशेब देतो. प्रश्न ठरवणं आणि वाचन १० तास. नुसता एक बाजार फिरून बघणं, कुणाला काही न विचारता, ५ तास. प्रश्नावली तयार करून दोन-तीन जणांवर घासून बघणं ५ तास. मग चार बाजार, दर बाजारी ५ तास, झाले २०. ग्रामपंचायत आणि मार्केट यार्ड मिळून ५. माहितीची छाननी आणि तक्ते ७. लिहिणं ८. झाले ६०.

चार बाजार सलग घेऊ नका. एक पगाराच्या आठवड्यातला, एक महिनाअखेरचा, एक सणाच्या तोंडावरचा आणि एक असाच, कुणाच्या लक्षात न राहणारा. श्रावणात अंडी-सुकटीची रांग आक्रसते. दिवाळीआधी भाजीवाल्या मावशी त्याच जागी पणत्या मांडतात. एकच बाजार बघून 'आमच्या बाजारात असं असतं' म्हणणं म्हणजे लग्नात बघून नवरीचा रोजचा वेश ठरवण्यासारखं आहे.

बाजारात उभं कसं राहायचं

पहिल्या फेरीत वही खिशातच राहू द्या. रजिस्टर घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला बाजारात दोनच अर्थ असतात: पावती फाडायला आलेला ठेकेदाराचा माणूस किंवा सरकारी माणूस. दोघांशीही कुणी खरं बोलत नाही. एकदा आमची पोरं गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र घालून ओळीनं गेली, तर निम्म्या बायकांनी पाट्या उचलल्या. अतिक्रमण हटवायला आले असं त्यांना वाटलं.

या फेरीत नकाशा काढायचा. बाजारतळाची लांबी-रुंदी पावलांनी मोजा, आपलं पाऊल साधारण किती फुटांचं ते घरी मोजून ठेवा. ओट्यावर कोण, ताडपत्रीखाली कोण, उघड्यावर कोण, गटारीच्या कडेला कोण. कासाराच्या बांगड्या कुठं, सुकट-बोंबील कुठं, कपड्यांचे टेंपो कुठं. पाण्याचा नळ कुठं, सावली कुठं, आणि ती दुपारी कुणावर येते. जागांचं हे गणित कोण ठरवतं, हा पुढचा प्रश्न नकाशातूनच निघतो.

विचारायची वेळ दुपारी दोन ते साडेतीनची. सकाळी माल लावायची घाई, संध्याकाळी गिऱ्हाईक. दुपारी मावशी भाकरी सोडतात, तेव्हा जवळ बसा. आधी पावशेर काहीतरी घ्या. ती लाच नव्हे, बसण्याचं भाडं समजा. कोण आहोत, कशासाठी विचारतोय, हे दोन वाक्यांत सांगा आणि 'नाव लिहू का, नको?' असं स्पष्ट विचारा. नको म्हटलं तर नको. अहवालात तसंही नावाऐवजी क्रमांक लिहायचा. आवाज रेकॉर्ड करायचा असेल किंवा फोटो काढायचा असेल तर दोन्हीसाठी वेगवेगळी परवानगी.

'तुमचे मासिक उत्पन्न किती?' हा प्रश्न प्रश्नावलीतून आत्ताच खोडा. त्याचं खरं उत्तर मिळत नाही, मुख्य म्हणजे त्यांनी तसा महिन्याचा हिशेब कधी मांडलेलाच नसतो. त्याऐवजी: आज किती जुड्या आणल्या? आत्ता किती उरल्यात? उरलेल्याचं काय करणार? येताना गाडीभाडं किती दिलं? पावती किती रुपयांची फाडली? या पाच उत्तरांतून दिवसाचा ताळेबंद तुम्हीच मांडू शकता. तीस-चाळीस जणींशी बोलणं झालं तर दोन क्रेडिटला पुरे.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी वही भरा. उजव्या पानावर जे पाहिलं, ऐकलं ते, आणि शक्यतो त्यांच्याच शब्दांत. डाव्या पानावर तुम्हाला त्यावर काय वाटलं ते. दोन्ही एकत्र केलंत की महिन्याभरानं त्यांचं कुठलं आणि आपलं कुठलं हे कळेनासं होतं. दुसऱ्या दिवशी लिहू म्हणालात तर अर्धं गेलंच समजा.

कागदांकडं वळा

बाजाराचे कागदही असतात. ब्रिटिश काळात मुंबई इलाख्याचे जिल्हावार गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचे ग्रंथ निघाले, पुणे आणि साताऱ्याचे खंड १८८५ चे आहेत. त्यातल्या व्यापाराच्या प्रकरणात बाजारपेठेची गावं येतात. राज्याच्या दर्शनिका विभागानं जुने गॅझेटिअर वेबसाइटवर वाचायला ठेवले आहेत. आपलं गाव त्यात सापडतं का बघा. सापडलं तर सव्वाशे वर्षांहून जुना धागा हाती आला. मराठवाड्यातल्या मुलांनी मात्र त्या मालिकेत आपला जिल्हा शोधत बसू नये. तो भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, मुंबई इलाख्यात नव्हता. त्यांनी हैदराबाद संस्थानाच्या नोंदींकडं वळावं, विदर्भातल्यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडाच्या.

लोकसंख्येसाठी जनगणना पुस्तिका घ्या, गाववार आकडे त्यात असतात. पण ते २०११ चे आहेत. मधल्या काळात गावाला दोन नव्या वाड्या फुटल्या असतील, एखादी एमआयडीसी आली असेल. जुना आकडा लिहायला हरकत नाही, तो जुना आहे हे लिहायला विसरू नका.

ग्रामपंचायतीकडून दोन गोष्टी हव्यात: बाजाराच्या ठेक्याचा लिलाव किती रुपयांना गेला, आणि ठेकेदारानं किती पट्टी घ्यायची ठरली आहे. आधी ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) भाऊसाहेबांना विभागप्रमुखांचं पत्र घेऊन भेटा, बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं. नाहीच झालं तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. हे ३० दिवस सत्राच्या वेळापत्रकात धरा. दिवाळीनंतर अर्ज टाकून डिसेंबरात अहवाल द्यायचा, हे जमत नाही. ठरलेली पट्टी आणि मावशींनी प्रत्यक्ष दिलेली पावती यांत फरक निघाला, तर तो अहवालातला सगळ्यात मोलाचा परिच्छेद असेल. मात्र तो लिहिताना कुणावर आरोप करू नका. दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवा.

सीईपी: त्याच जागी परत जा

चौथ्या सत्रात नवा विषय शोधू नका. बाजारानं तुम्हाला काहीतरी दाखवलेलं असतंच. मी व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला बसलो की एक प्रश्न हमखास विचारतो: "बाजारतळावर बायकांचं शौचालय कुठं आहे?" झेरॉक्सच्या दुकानातून तयार प्रोजेक्ट उचलून आणलेला मुलगा छताकडं बघतो. जाऊन आलेली मुलगी लगेच सांगते: "सर, नाहीये. म्हणून त्या दुपारी पाणीच पीत नाहीत." आमच्याकडं एका बॅचचं सीईपी इथूनच सुरू झालं.

पुन्हा ६० तास. त्यात काय करता येतं? शौचालय बांधता येत नाही, तेव्हा तशी स्वप्नं नकोत. पण किती बायका किती तास बसतात, सर्वांत जवळची सोय किती पावलांवर आहे, तिला कुलूप असतं का, किल्ली कुणाकडं असते, याची एका पानाची नोंद तयार करता येते. ती ग्रामसभेत वाचता येते. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास. तुमचं नाव गावच्या मतदारयादीत असेल तर तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात, कुणाची परवानगी काढायची नाही. लिहिलेलं सभेत वाचून दाखवा आणि ते इतिवृत्तात आलं का ते नंतर तपासा. राज्यशास्त्राच्या पुस्तकातलं पंचायतराजचं प्रकरण त्या संध्याकाळी जेवढं कळतं, तेवढं वर्गात मला कधी समजावता आलेलं नाही.

एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत असाल तर तिथले तास आणि सीईपीचे तास वेगळे ठेवा. एनएसएसचे दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर हा स्वतंत्र हिशेब आहे. एकच काम दोन्हीकडं दाखवायला जाल तर कुठंतरी अडकाल.

ओजेटी: १२० तास कुठं घालवायचे

चार क्रेडिट, १२० तास. रोज सहा तास धरले तर वीस दिवस. सहाव्या सत्राच्या मध्यावर जागा शोधायला निघालात की काकांचं दुकानच उरतं, म्हणून पाचव्या सत्राच्या दिवाळीच्या सुट्टीतच फिरा.

'आर्ट्सवाल्यांना कोण घेणार' ही आमच्याकडची आवडती रड आहे. बाजारात भरलेली वही घेऊन जा आणि बघा. बाजार समितीच्या कार्यालयात आवक-जावकीच्या नोंदी असतात. महिला बचत गटांच्या तालुका कार्यालयाला अहवाल लिहिणारी माणसं हवी असतात. स्थानिक साप्ताहिकाला बाजारभावाचं सदर लिहिणारं कुणी मिळत नाही. पतसंस्था आहे, वकिलाकडं कागदपत्रांचं भाषांतर आहे, जुन्या ग्रंथालयात यादी नसलेली पुस्तकं आहेत. म्हसवडच्या माणदेशी तरंगसारखं सामुदायिक रेडिओ केंद्र जवळ असेल, तर भाजीवाल्या मावशींचे अर्ध्या तासाचे चार कार्यक्रम तुमच्या वहीत आधीच तयार आहेत. वाईच्या आसपास असाल तर विश्वकोश मंडळाच्या कार्यालयात जाऊन विचारायला काय हरकत आहे? नाही म्हणाले तर चहा पिऊन परत यायचं.

विचारायला जाताना 'मला सर्टिफिकेट पाहिजे' असं म्हणू नका. 'मी अमुक काम केलंय, त्याच्या पुढचं हे काम तुमच्याकडं वीस दिवसांत करून देऊ शकते' असं म्हणा आणि वही पुढ्यात ठेवा. पहिल्या दिवशीच तीन गोष्टी कागदावर घ्या: तुमच्यावर देखरेख कोण करणार, रोजच्या हजेरीवर सही कोण करणार, शेवटी तुमच्या हातून कोणती वस्तू तयार होणार. यादी, अहवाल, भाषांतर, कार्यक्रम, काहीही चालेल, पण दाखवता येईल असं. विद्यावेतन मिळालं तर उत्तम. न मिळालं तर येण्या-जाण्याचं भाडं तरी मागा, यात लाजण्यासारखं काही नाही.

पैशाची ओढ असेल, आणि आमच्याकडं बहुतेकांना असतेच, तर कॉलेजात 'कमवा आणि शिका' आहे का विचारा. ही कल्पना काही धोरणानं आणलेली नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं, तेच मुळी श्रम करून शिकण्याच्या पायावर. आज क्रेडिट-क्रेडिट म्हणून जे नव्यानं सांगितलं जातंय, त्यातलं बरंचसं तिथल्या मुलांनी क्रेडिटशिवाय केलं होतं. मात्र 'कमवा आणि शिका'चे तास ओजेटीत धरले जातात का, हे विभागप्रमुखांना विचारूनच ठरवा.

लिहिणं आणि व्हायवा

अहवाल २० पानांच्या वर नेऊ नका. प्रस्तावना, महत्त्व, उद्दिष्टे, गृहीतके अशी आठ पानं भरून पाहिलेलं दोन पानांत उरकायची आमच्याकडं रीत आहे. ती उलटी करा. पहिल्याच पानावर प्रश्न, मग बाजाराचा हातानं काढलेला नकाशा, मग काय केलं, काय सापडलं आणि काय सापडलं नाही. 'काय सापडलं नाही' हे लिहायला मुलं घाबरतात. चाळीसपैकी नऊ जणींनी बोलायला नकार दिला, हेही लिहा. आणि त्या नऊ जणी बाजारात कुठं बसतात हे नकाशावर दाखवलंत तर परीक्षक सरसावून बसेल.

मोबाइलवरच्या एआयकडून मराठी शुद्ध करून घ्यायला माझी ना नाही, पण मावशींची वाक्यं त्यात घालू नका. 'कोथमीर उतरली की पोरगी उतरली, दोन्ही घरी ठेवून चालत नाही' असं कुणी बोललेलं 'नाशवंत मालाची विक्री त्वरित करावी लागते' होऊन बाहेर येतं.

अहवालाच्या चार प्रती करा. एक कॉलेजला, एक ग्रामपंचायतीला, एक गावच्या वाचनालयाला, एक तुमच्याकडं. पण बाइंडिंगला टाकण्याआधी कच्ची प्रत घेऊन एकदा दुपारच्या वेळी बाजारात जा आणि ज्यांच्याशी बोललात त्यांना आकडे वाचून दाखवा. आमच्या एका मुलीनं असा तक्ता वाचला, स्वतःच्या रानातला माल आणणाऱ्या एकवीस. मावशी हसायला लागल्या. त्यातल्या सहा जणी दिराच्या किंवा भावाच्या रानातला माल विकत घेऊन आणत होत्या. "आमच्याच रानातला" असं त्या म्हणाल्या होत्या आणि त्यांच्या लेखी ते खरंही होतं. तिनं तक्त्यात तिसरा रकाना घातला, बाइंडिंग चार दिवस लांबवलं आणि त्या रकान्यावरच तिची पुढची व्हायवा झाली.